सगळ्यात वरची ओळ

दुपारची जेवणं झाली की जिजाबाई मावशी मागच्या दाराने आमच्याकडे येतात. हौदावर पाय धुतात, हात पदराला पुसतात आणि मग गुंजनला माझ्या मांडीवरून उचलतात. नाचणगावात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या आहेत. माझा नवरा कैलास सेवाग्रामच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे. सकाळी पुलगाव स्टेशनवरून गाडी पकडतो तो दिवेलागणीला घरी. मधल्या वेळात घरात मी, आठ महिन्यांची गुंजन आणि माझा लॅपटॉप. मावशी नसत्या तर लॅपटॉप कपाटातच राहिला असता.

गुंजनला घेऊन त्या आतल्या खोलीत जातात, दार ओढतात, पण कडी लावत नाहीत. लेकरू बंद दारामागे गेलेलं मला चालत नाही हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्यांनी ते हसण्यावारी नेलं नव्हतं. मग त्यांच्या फोनमधून आवाज येतो. आधी कुणीतरी खाकरतं. मग म्हातारा, जरासा घाबरलेला आवाज विचारतो, "सुरू झालं काय?"

"झालं, बोला," मावशी म्हणतात. रोज म्हणतात.

"सगळ्याइले जय भीम, रामराम, नमस्कार. मी नत्थूजी बोलून राह्यलो, नाचणगाववरून. आजचे भाजीचे भाव आयका."

नत्थूजी म्हणजे मावशींचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही. आमच्याकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून पुलगावात एक कंपनी काढली, तिची वेबसाइट झाली, तेव्हा रोज सकाळी भाव सांगायचं काम नत्थूजींकडे आलं. मावशींकडे आहे ते त्यांचं सगळ्यात पहिलं बुलेटिन. वांगे, ढेमसे, बरबटीच्या शेंगा, पत्ताकोबी आणि शेवटी सांबार, म्हणजे कोथिंबीर. वांग्याच्या भावानंतर ते स्वतःहून सांगतात, "वांगे लय आले आज. वापस नेऊ नका, घरी भरीत करा." मग त्यांना वाटतं आपण जास्तच बोललो, आणि ते पुन्हा खाकरतात.

कितीतरी वर्षांपूर्वीच्या ह्या भावांवर माझी मुलगी झोपते. ढेमशांपर्यंत तिचं चुळबुळणं मला बाहेर ऐकू येतं, बरबटीला ते मंदावतं, पत्ताकोबीला थांबतं. सांबार आला की मी समजते, झोपली. तेवढ्यावर मी समाधानी राहावं असं कैलासचं म्हणणं. मी तरी एकदा उठते, दाराच्या फटीतून तिचं पोट वर-खाली होतंय ना ते पाहते, आणि मग कामाला बसते.

काम त्याच कंपनीच्या वेबसाइटचं होतं. नागपूरच्या प्रफुल्लने ते घेतलं आणि मी इथलीच म्हणून मला दिलं. जुनी साइट फार वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने विणल्यासारखी बांधली होती. ती आम्ही नव्या फ्रेमवर्कच्या तयार सांगाड्यावर आणत होतो. पानं नव्याने बांधणं सोपं असतं. अवघड असतात ते पत्ते. वेबसाइटच्या प्रत्येक पानाला पत्ता असतो, आणि जुने पत्ते लोकांकडे पसरलेले असतात. कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, कुणाच्या दुकानातल्या फलकावर, सर्च इंजिनांच्या पोटात. घर बदललं तरी लोक जुन्याच पत्त्यावर येत राहतात. त्यांचं काय करायचं ते फ्रेमवर्कच्या एका फाइलमध्ये ओळीओळीने लिहून ठेवायचं.

दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे दारात आलेल्याला सांगायचं, ते आता इथे राहत नाहीत, पलीकडच्या गल्लीत जा. तो बिचारा तिकडे जातो. हे रीडायरेक्ट. दुसरी तऱ्हा म्हणजे त्याला काहीच सांगायचं नाही. तो जुन्याच दारात उभा राहतो आणि आपण मागच्या खोलीतून वस्तू आणून त्याच्या हातात देतो. घर बदललं हे त्याला कळतसुद्धा नाही. हे रीराइट. फ्रेमवर्क ती फाइल वरून खाली वाचतं, जी ओळ आधी लागू पडेल ती धरतं आणि खालचं पुढे पाहतच नाही.

"ताई, जुन्या बुलेटिनचं काय करून राहिल्या तुम्ही?" प्रफुल्लने फोनवर विचारलं होतं.

"प्रत्येकाला नव्या पानावर नेते आहे. वेळ लागेल थोडा."

"नका नेऊ. सगळे उचला आणि होम पेजवर टाका. चंद्रभानजींचा किस्सा माहीत नाही का तुम्हाले?"

चंद्रभानजी कंपनीचे जुने सभासद. त्यांनी शोधता शोधता कुठलंतरी जुनं बुलेटिन उघडलं, तो भाव आजचाच समजून बाजारात अडत्याशी भांडले, आणि मग कंपनीच्या बैठकीत येऊन सगळ्यांची खरडपट्टी काढली.

"जुना भाव कोणाच्या कामाचा नाही, वरून नडतो," प्रफुल्ल म्हणाला.

मला पटलं. "मग कायमचं टाकू की तात्पुरतं?"

"कायमचं. म्हणजे सर्च इंजिनंपण विसरून जातील."

मी एक ओळ लिहिली. बुलेटिनचा कुठलाही जुना पत्ता आला, त्यातला बुलेटिनचा आकडा कोणताही असो, तर होम पेज; कायमचं. एका ओळीत काम मिटलं. लेकरू मांडीवर असलेल्या बाईला एका ओळीत मिटणारं काम मिळालं की सण असल्यासारखं वाटतं.

त्याच दुपारी मी मावशींना मधावरून बोलले. त्यांनी गुंजनला चाटवायला बोटावर मध घेतला होता आणि मी जवळजवळ धावतच गेले. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो हे मी शांतपणेही सांगू शकले असते. पण माझा आवाज चढला. मावशींनी बोट स्वतःच्या तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "बरं माय, नाई देत." बस, एवढंच.

सोमवारी सकाळी नवी साइट सुरू झाली. दुपारी मी कानात हेडफोन घालून प्रफुल्लबरोबर एकेक पान तपासत होते. तपासून झाल्यावर हेडफोन काढला तर आतून गुंजनचं रडणं ऐकू आलं. मावशी तिला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या.

"आज झोपत नाई थे," त्या म्हणाल्या, तिला माझ्याकडे दिलं आणि निघून गेल्या. चपला हौदाजवळच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी चपला पुढच्या दारात नेऊन ठेवल्या. आतून आवाज आला, "मले बरं नाई." बुधवारीही तेच. गुंजन दुपारभर किरकिरत होती. मी गाणी म्हणून पाहिली, पाळण्याला झोके दिले, शेवटी मीच खाकरून वांग्याचा भाव सांगितला. ती माझ्याकडे टक लावून पाहत राहिली आणि मग आणखी मोठ्याने रडली.

"मधाचा राग आलाय त्यांना," मी रात्री कैलासला म्हणाले.

"तू त्यांना दिवसातून किती वेळा टोकतेस ते मोजलंस कधी? नखं कापा, पदर तोंडावर येऊ देऊ नका, पंख्याखाली नको."

"मग काय करू? तिला काही झालं तर?"

"तिला काही होत नाही. जाऊन सॉरी म्हण."

"मावशींना सॉरी कसं म्हणायचं?"

 जेवताना कैलास एवढंच म्हणाला, की आपल्याकडे असं काही म्हणायचं असलं तर डब्यात काहीतरी घालून नेतात.

म्हणून गुरुवारी सकाळी मी डब्यात थोडा शिरा घेतला, गुंजनला कडेवर घेतलं आणि पुढच्या बाजूने त्यांच्या ओसरीवर गेले. मावशी तुरीची डाळ पाखडत होत्या. फोन कमरेच्या बटव्यात होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं.

"मावशी, मधाचं मनाला लावून घेतलं का?"

"कोन्त्या मधाचं?"

"मी बोलले ना त्या दिवशी. जरा जोरात बोलले."

"अवो माय, तुयं लेकरू. तू म्हनशीन तसं." सूप हलतच होतं. "मधाचं काय घेऊन बसली."

"मग येत का नाही?"

"बरं नाई म्हटलं ना."

"ताप आहे? कैलासला सांगते, गोळी आणेल."

"ताप नाई."

गुंजन माझ्या कडेवरून खाली वाकली. मला वाटलं तिला सूप हवंय. पण तिने सरळ मावशींच्या बटव्याला हात घातला आणि फोन ओढला. मावशींनी तिची मूठ धरली, एकेक बोट सोडवलं आणि फोन पुन्हा आत सरकवला.

"नको. त्याले हात लावू नको."

गेल्या सहा महिन्यांत त्यांनी गुंजनला कशालाही नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी डबा बाजूला ठेवून खाली बसले.

"फोनला काय झालं?"

सूप थांबलं. मावशींनी डाळीतला एक खडा उचलून अंगणात फेकला.

"म्या पुसलं त्याइले," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"तुया काकाजीले. दाबलं का भलतंच येते. मोठ्ठे टमाटरचे फोटो येते, आन आजचे भाव. ते काई येत नाईत. कोनती बटन दाबली म्या, मलेच ठाव नाई. इतले वर्सं काई झालं नाई आन आता कशी दाबली, कवा दाबली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पुलगावले गेलती मी, मोबाइलवाल्याकडं. थो म्हने, मावशी, फोन लय भरला, सगळं पुसून नव्यासारखा करून देतो. म्हटलं, आन इकडं. तवापासून कोनाच्याच हातात देत नाई मी. जे राह्यलं थेपन जाईन."

मोठे टमाटर. होम पेजवरचा तो फोटो मीच निवडला होता.

तोवर मला वाटत होतं नत्थूजींचा आवाज फोनमध्येच भरून ठेवलेला आहे. आपल्या हातातल्या वस्तूतून आवाज येतो तेव्हा तो त्या वस्तूतच आहे असं वाटतं. माझं काम हेच, तरी मलाही तसंच वाटलं होतं. आता उलगडलं. पहिलं बुलेटिन झाल्यावर नत्थूजींनी बायकोला त्याचा पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असणार. मावशी रोज त्या पत्त्यावर बोट ठेवत होत्या. आणि त्या दारात आता माझी ओळ उभी होती.

"मावशी, तुम्ही काही पुसलं नाही."

"मंग कोठी गेले?"

"तो आवाज फोनमध्ये नव्हता. कंपनीच्या वेबसाइटवर होता. ती मी बदलली, त्यात हे झालं. तुमच्या हातून नाही, माझ्या हातून."

 मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुया हातून गेलं, तं तुया हातूनच वापस येईन का?"

"येईल," मी म्हणाले. आवाजाची फाइल अजून कुठे शिल्लक आहे की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

घरी येऊन दाराशीच उभी राहून प्रफुल्लला फोन लावला.

"जुना सर्व्हर?" तो म्हणाला. "आज संध्याकाळी बंद करून राहिलो. काऊन?"

"आधी थांबवा. त्यातली एक फाइल हवी आहे. बुलेटिनमधली पहिली."

"ताई, तो विषय आपण क्लोज केला ना? चंद्रभानजी विसरल्या का?"

"नाही विसरले. पानावर मोठ्या अक्षरात लिहीन की भाव जुने आहेत. आणि साइटवरून त्या पानाकडे कुठूनच रस्ता ठेवणार नाही. ज्याच्याकडे जुना पत्ता आहे त्यालाच ते दिसेल."

"आणि तो पत्ता कोणाकडे हाय?"

"एका बाईकडे."

"एका बाईसाठी?" तो हसला. "यार ताई, त्या बाईला नवी लिंक पाठवून द्या ना. दोन मिनिटांचं काम."

"नवी लिंक माझ्या नावाने जाईल, प्रफुल्ल. त्यांच्याकडे आहे ती त्यांच्या नवऱ्याने पाठवलेली आहे. बुलेटिनमधला आवाज त्यांचाच."

  "शोधतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ती फाइल येईपर्यंत मी काय केलं ते सांगता येणार नाही. गुंजनला भरवलं, तिचं तोंड पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. लॅपटॉपवर निरोप आला तेव्हा हात पेजेने चिकट होते. फाइल होती. मी हेडफोन कानाला लावून सुरुवात तेवढी ऐकली. खाकरणं आलं. पुढचं ऐकलं नाही. ते आधी मावशींनी ऐकायला हवं असं वाटलं.

पान बांधताना जुन्या पानाचं चित्र समोर ठेवलं. मधोमध नारिंगी त्रिकोण होता, दाबला की आवाज सुरू होणारा. आता असे त्रिकोण कुणी काढत नाही, पण मी तोच काढला, तेवढाच, त्याच जागी. मावशींच्या बोटाला ती जागा पाठ होती. खाली लिहिलं, हे जुने भाव आहेत, आजच्या भावासाठी इथे जा. मग नियमांची फाइल उघडली आणि शेवटी नवी ओळ घातली. पहिल्या बुलेटिनचा जुना पत्ता आला तर पत्ता तसाच ठेवायचा आणि हे पान द्यायचं. ह्या वेळी रीराइट. दारात आलेल्या बाईला कुठेही पाठवायचं नव्हतं.

उघडून पाहिलं तर टमाटर.

पुन्हा पाहिलं. पुन्हा टमाटर. गुंजन मांडीवर चढून कीबोर्डवर थापा मारत होती, मी एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने खुणा तपासत होते. पत्त्यातलं प्रश्नचिन्ह बरोबर, आकडा बरोबर. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की चूक नव्या ओळीत नव्हतीच. माझी ती सणासारखी ओळ वर बसली होती. कुठलंही बुलेटिन आलं की ती आधी हात पुढे करायची, आणि तिच्या खाली कोण उभं आहे ते फ्रेमवर्कपर्यंत पोचतच नव्हतं. सगळ्यांसाठी लिहिलेला नियम वर आणि एकासाठी लिहिलेला खाली, असं ठेवलं की त्या एकाचा नंबर कधी लागत नाही. कॉलेजात हे शिकवलं होतं. पेपरात मी ते बरोबर लिहिलंही होतं.

नवी ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली. माझ्या फोनवर जुना पत्ता उघडला. नारिंगी त्रिकोण.

मी गुंजनला उचललं आणि तशीच अनवाणी पुढच्या ओसरीवर गेले.

"मावशी, दाबा बरं."

त्यांनी बटव्यातून फोन काढला, पण माझ्याकडे दिला नाही. स्वतःच उघडला. नत्थूजींचं नाव, टोपीतला फोटो, खाली त्यांचा एकच निरोप. पत्ता, आणि त्याखाली लिहिलेलं, आयकून सांगजो. मावशींनी त्यावर बोट ठेवलं.

टमाटर.

"पाह्य," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. फोन त्यांनी मांडीवर पालथा ठेवला. "जाऊ दे पोरी. तू केलं तुया परीनं."

"माझ्या फोनवर तर आलं होतं आत्ता," मी म्हणाले. माझा फोन काढून दाखवला. त्रिकोण दिसत होता.

"तुया फोनात आले?" त्यांनी तो त्रिकोण पाहिला. "मंग मायावाल्यात काऊन येत नाईत?"

त्यांनी हे मला विचारलं नव्हतं. रुसलेल्या माणसाबद्दल शेजारणीला सांगावं तसं त्या म्हणाल्या. मी ओसरीच्या पायरीवर बसले. गुंजन माझी बांगडी चावत होती. माझ्या फोनवर येतं, त्यांच्या फोनवर येत नाही. पत्ता तोच, नियम तोच. फरक एकच होता, त्यांचा फोन सोमवारी त्या दारात जाऊन आला होता आणि माझा आज पहिल्यांदा गेला.

आणि सोमवारी मी त्या दारात लिहिलं होतं, कायमचं.

कायमचं म्हटलं की फोन ते लक्षात ठेवतो. पुन्हा त्या दारात जाऊन विचारण्याची तसदी घेत नाही. मला सांगितलंय ना, ते इथे राहत नाहीत, असं म्हणून परस्पर दुसरीकडे वळतो. मी इकडे कितीही वेळा ओळ बदलली असती, तरी मावशींचा फोन त्या दारापर्यंत येणारच नव्हता. तात्पुरतं लिहिलं असतं तर तो रोज विचारायला आला असता.

उपाय एकच होता. फोनने लक्षात ठेवलेलं काढून टाकायचं.

"मावशी, फोन मला द्यावा लागेल थोडा वेळ."

त्यांनी पालथ्या फोनवर हात ठेवला.

"काय करतेस?"

"त्यानं एक चुकीची गोष्ट लक्षात ठेवली आहे. तेवढी काढायची."

"थो मोबाइलवालाबी हेच म्हने."

"तो सगळं पुसणार होता. मी तुमच्या समोर बसून करते. एकेक बटन दाखवून."

 त्यांनी हात पुढे केले. मला आधी कळलंच नाही. त्या गुंजनला मागत होत्या. मी तिला त्यांच्याकडे दिलं, आणि त्यांनी फोन माझ्याकडे दिला.

मी त्यांच्या शेजारी, त्यांना दिसेल अशी बसले. पत्ते उघडायच्या त्या ॲपमध्ये गेले. "हे पाहा, व्हॉट्सअ‍ॅप नाही हे. काकाजींचा निरोप तिकडे आहे, त्याला मी हात लावत नाही." त्या मान हलवत होत्या. मी साठवलेल्या फायलींवर खूण केली, बाकी सगळ्या खुणा काढल्या. खाली निळं बटन आलं. फोन मराठीत होता. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या बोटाखाली एकेक अक्षर धरत वाचतात.

"डे-टा," त्यांनी वाचलं. "ह-ट-वा."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"हटवा म्हनते हे."

"हो."

"हटवा म्हनजे पुसून टाका."

"हो. पण त्यांना नाही. ते गेले असं जे लिहून ठेवलंय ना फोननं, ते हटवायचं."

हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय बोलले. मावशींच्याही आलं असावं. त्यांची पकड सुटली नाही. अंगणात कोंबडी पडलेली डाळ टिपत होती, तिच्याकडे त्या पाहत होत्या. मला वाटलं मनगट असंच धरून ठेवतील आणि फोन परत घेतील, आणि मला त्यावर काही म्हणता येणार नाही. कुणी माझ्या गुंजनच्या बाबतीत म्हटलं असतं, की दे माझ्याकडे, एवढं एक बटन दाबते, तर मी दिलं असतं का?

"तुम्हीच दाबा मग," मी म्हणाले. "नाही दाबलं तरी चालेल. माझ्या फोनवर रोज दुपारी ऐकू आपण."

"तुया फोनात त्याइचा फोटो नाई," मावशी म्हणाल्या.

त्यांनी मनगट सोडलं. पण बटन दाबलं नाही. गुंजनला जरा वर उचलून घेतलं, तिच्या टाळूवर हनुवटी टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"दाब तू. मी पाह्यत नाई."

मी दाबलं. गोल फिरलं आणि थांबलं. मी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, निरोप होता तसाच होता, फोटोसकट. फोन त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी डोळे उघडले, आधी तो निरोप आहे ना हे पाहिलं, मग पत्त्यावर बोट ठेवलं.

पान उघडायला वेळ लागला. आमच्याकडे ओसरीवर रेंज कमीच असते. मग पांढऱ्यावर नारिंगी त्रिकोण आला, आणि मावशींचं बोट न पाहताच त्यावर गेलं.

खाकरणं.

"सुरू झालं काय?"

मावशींना बोलता येईना.  नत्थूजी थांबले होते. पुढे बोलण्याआधी ते जितके थांबतात तितकेच. तेवढ्यात गुंजनने मान वळवली, आधी फोनकडे आणि मग मावशींच्या तोंडाकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. हे म्हातारं माणूस विचारतं आणि ही म्हातारी उत्तर देते, हे तिलाही ठाऊक होतं.

"झालं," मावशी म्हणाल्या. "बोला."

"सगळ्याइले जय भीम, रामराम, नमस्कार."

वांगे लय आले होते. वापस नेऊ नका, घरी भरीत करा. मावशी रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि मला हाताने खुणावत होत्या, तू जाय, तुयं काम पाह्य. ढेमशाला गुंजनने तोंडात अंगठा घातला. सकाळचा डबा तिथेच राहू देऊन मी उठले.

खोलीत येऊन फाइल पुन्हा उघडली. सगळ्यांसाठीच्या ओळीतलं कायमचं काढून तात्पुरतं केलं. सर्च इंजिनांना विसरायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे. मग सगळ्यात वरच्या ओळीपाशी, पुढे कधी दुसरं कुणी हे काम पाहील त्याच्यासाठी, मराठीतच लिहिलं: ही ओळ खाली नेऊ नका, काढू नका. वापरात आहे.

संध्याकाळी प्रफुल्लने बदल तपासले. तो एरवी प्रत्येक ओळीवर काही ना काही विचारतो. त्या ओळीवर त्याने काही विचारलं नाही. खाली एवढंच लिहिलं, "ढेमशाचा भाव ऐकला. आमच्या घरी कोणी खात नाही."

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी बदल जतन केले तेव्हा पुढच्या ओसरीवरून पत्ताकोबी ऐकू आली, आणि मग सांबार. त्यानंतर शांत झालं. झोपली होती, हे मला ऐकूनच कळलं.

तरी एकदा उठून पाहून आलेच.